मोलाच्या संग्रहवस्तू पाठवताना: वाहतूकदाराची जबाबदारी, विमा आणि बांधणी

नोव्हेंबर १९५८ मध्ये जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी ४५.५२ कॅरेटचा होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. साध्या तपकिरी कागदात गुंडाळलेले ते पार्सल नोंदणीकृत टपालाने गेले. त्यासाठी एकूण १४५.२९ डॉलर खर्च आला. त्यांपैकी टपालाचा खर्च फक्त २.४४ डॉलर होता. बाकीची सगळी रक्कम सुमारे दहा लाख डॉलरच्या विम्यापोटी गेली. नाणी, टपाल तिकिटे, खेळाडूंची वगैरे संग्रहाची कार्डे, घड्याळे, जुनी चित्रे किंवा ध्वनिमुद्रिका पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वाहतूकदार पैसे घेतो ते वजन, आकार आणि अंतर पाहून. वस्तू किती दुर्मिळ आहे याच्याशी त्याचा संबंध येतो तो पाठवणाऱ्याने तिचे मूल्य वेगळे सांगितले, त्याचे वेगळे पैसे भरले आणि वाहतूकदाराने किंवा विमा कंपनीने ती जोखीम लेखी स्वीकारली, तरच.

म्हणून खोका आणि बबल रॅप यांच्याकडे वळण्याआधी कागदपत्रांकडे वळावे. हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. पण कोणती बांधणी ग्राह्य धरायची, कोणती सेवा वापरायची, पोच कोणाच्या सहीने घ्यायची हे सारे विम्याच्या अटींत लिहिलेले असते, आणि खोका चिकटपट्टीने बंद केल्यावर त्या अटी वाचण्यात फारसा अर्थ उरत नाही.

वाहतूकदाराची जबाबदारी मुळात किती असते

पार्सल हरवले तर कुरिअर कंपनी त्याची किंमत भरून देईल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मूल्य जाहीर केले नसेल, तर ही जबाबदारी करारांनी आणि सेवाअटींनी बरीच आवळलेली असते. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला १९९९ चा माँट्रिअल करार लागू होतो. त्यानुसार मालाबाबतची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिकिलो २६ एसडीआर आहे. त्याआधी ती २२ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचे मूल्य डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांच्या आधारे ठरते. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी युरोपात आणि आसपासच्या देशांत सीएमआर करार चालतो, त्यात ही मर्यादा प्रतिकिलो ८.३३ एसडीआर आहे.

हे आकडे एखाद्या वस्तूला लावून पाहिले की खरी स्थिती कळते. तज्ज्ञांनी तपासून, श्रेणी देऊन प्लास्टिकच्या कडक कवचात बंद केलेले एक प्रमाणित कार्ड खोक्यासकट १५० ग्रॅम भरले असे समजा. माँट्रिअल कराराच्या दराने त्याची भरपाई ३.९ एसडीआर होते आणि सीएमआरच्या दराने सव्वा एसडीआर. कार्डाची बाजारातली किंमत एका महिन्याच्या पगाराएवढी असो की घराएवढी, या हिशेबात काहीच फरक पडत नाही. यंत्राचे सुटे भाग किंवा कापडाचे गठ्ठे यांच्यासाठी किलोमागे मर्यादा ठरवणे समजण्यासारखे आहे. संग्रहवस्तू मात्र हलक्या आणि महाग असल्यामुळे या पद्धतीत सर्वाधिक तोटा त्यांचाच होतो.

टपालाचे नियम वेगळे आहेत. माँट्रिअल करार टपालाच्या वस्तूंना लागू होत नाही. तेथे विमान कंपनी केवळ टपाल प्रशासनाला जबाबदार असते आणि ग्राहकाचा संबंध टपाल खात्याशी राहतो. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय नोंदणीकृत वस्तू हरवल्यास मिळणारी भरपाई ३० एसडीआर इतकीच आहे. येथे एक गफलत नेहमी होते. नोंदणी केल्यामुळे पार्सलाची प्रत्येक टप्प्यावर नोंद होते आणि ते हरवण्याची शक्यता कमी होते, परंतु वस्तूच्या मूल्याचा विमा त्यामुळे आपोआप उतरत नाही. शिवाय नाणी, मौल्यवान धातू, रत्ने आणि दागिने विमा न उतरवलेल्या आंतरराष्ट्रीय टपालातून पाठवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अशा पार्सलाबद्दल तक्रार घेऊन गेलेला माणूस भरपाई तर गमावतोच, वर नियमभंग केल्याचे स्वतःच कबूल करतो.

कंपन्यांच्या अटींमध्येही हाच ढाचा दिसतो. फेडएक्स आणि यूपीएस यांच्या अमेरिकेतील सेवांत मूल्य जाहीर केले नाही, तर पार्सलामागे जबाबदारी १०० डॉलरपर्यंत मर्यादित राहते. जास्त मूल्य जाहीर करता येते, पण सगळ्या वस्तूंसाठी नाही: फेडएक्सच्या सेवाअटींत कलाकृती, पुराणवस्तू, खेळाडूंची कार्डे आणि स्मरणवस्तू अशा गोष्टींसाठी जाहीर मूल्याची कमाल मर्यादा १,००० डॉलर ठेवलेली आहे. काउंटरवर किंवा संगणकाच्या पडद्यावर त्याहून मोठा आकडा भरता आला आणि त्याचे शुल्कही कापले गेले, म्हणून मर्यादा वाढत नाही. याउलट अमेरिकी टपाल खात्याच्या नोंदणीकृत सेवेत ५०,००० डॉलरपर्यंतचा विमा मिळतो, तर त्याच खात्याचा साधा विमा ५,००० डॉलरला थांबतो. एकाच देशात, एकाच वस्तूसाठी, केवळ सेवेच्या निवडीने संरक्षण किती बदलते ते यावरून दिसते. असे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून पाठवण्याच्या दिवशी लागू असलेल्या अटी उतरवून घेऊन त्यांची प्रत पावतीसोबत ठेवावी.

जाहीर मूल्य आणि विमा यांतील फरक

जाहीर मूल्य हा वाहतूकदाराच्या जबाबदारीचा वरचा आकडा असतो. तो भरल्याने नुकसान झाल्याबरोबर तेवढी रक्कम मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. वस्तूची खरी किंमत दाखवावी लागते, नुकसान वाहतूकदाराच्या ताब्यात असताना झाले हे दाखवावे लागते, आणि त्याने बांधणीकडे बोट दाखवले तर तेही खोडून काढावे लागते. पाठवणाऱ्याच्या सदोष बांधणीमुळे किंवा वस्तूच्या अंगभूत दोषामुळे झालेल्या हानीतून वाहतूकदाराला सुटका देणारी तरतूद माँट्रिअल करारातही आहे आणि सीएमआरमध्येही आहे.

विमा हा विमा कंपनीशी केलेला स्वतंत्र करार असतो. तेथे वाहतूकदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही. पॉलिसीत बसणाऱ्या कारणाने नुकसान झाले एवढे पुरेसे असते. त्यामुळे वस्तूचे मोल वाहतूकदाराच्या मर्यादेच्या वर जात असेल, किंवा ती वस्तू त्याच्या अपवादांच्या यादीत असेल, तर स्वतंत्र वाहतूक विमा किंवा वाहतुकीचाही समावेश असलेली संग्राहकांची पॉलिसी घ्यावी. माझ्या मते केवळ जाहीर मूल्यावर विसंबणे हे फक्त अशाच वस्तूंबाबत शहाणपणाचे आहे, ज्यांची जागा त्याच किमतीत दुसऱ्या वस्तूने भरून काढता येते.

मूल्य फुगवून जाहीर करण्यात काही फायदा नसतो, कारण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त मिळत नाही आणि जागतिक टपाल संघाच्या नियमांत जाहीर मूल्य खऱ्या मूल्यापेक्षा अधिक असण्यास बंदीच आहे. हप्ता वाचवण्यासाठी मूल्य कमी दाखवणेही महागात पडते. अनेक पॉलिसींत प्रमाणशीर भरपाईचे कलम असते: एक लाखाच्या संग्रहाचा विमा पन्नास हजारांचा असेल आणि वीस हजारांचे नुकसान झाले, तर दहा हजारच मिळतात, कारण उरलेल्या अर्ध्या जोखमीपुरता मालक स्वतःच विमा कंपनीच्या जागी आहे असे मानले जाते.

पॉलिसीत काय शोधावे

पहिला प्रश्न मूल्य कसे ठरेल हा. मान्य मूल्याची पॉलिसी असेल तर आधी ठरलेला आकडा मिळतो. बाजारमूल्याची असेल तर नुकसानीच्या दिवशीची किंमत दाखवावी लागते, आणि भाव चढे-उतरे असणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हा वाद लांबतो. दुसरा प्रश्न मर्यादेचा: ती पार्सलामागे आहे, एका पावतीमागे आहे, की एका दिवसात पाठवलेल्या सर्व मालासाठी आहे? मोठा संग्रह तीन खोक्यांत विभागून तीन वेगवेगळ्या दिवशी पाठवणे पुष्कळदा याच कारणासाठी योग्य ठरते. एकाच पावतीवर अनेक खोके असतील, तर प्रत्येक खोक्याचे मूल्य वेगळे नोंदवता येते का हे विचारावे; नाहीतर एकूण रक्कम खोक्यांत समान वाटली जाण्याचा धोका असतो आणि सगळा ऐवज ज्या खोक्यात होता त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो.

त्यानंतर अपवादांकडे यावे, आणि येथे घाई करू नये. मालवाहतुकीच्या विम्यात सर्वांत व्यापक समजल्या जाणाऱ्या इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या प्रमाणित अटींच्या ‘अ’ संचातसुद्धा अपुरी बांधणी, वस्तूचा अंगभूत दोष आणि विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. लिलाव संपल्यावर पोहोचलेले पार्सल सुस्थितीत असेल, तर हुकलेल्या विक्रीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. संग्रहवस्तूंच्या पॉलिसींत आणखी काही अटी वरचेवर आढळतात: ठरावीक सेवांनीच माल पाठवणे, पोच सहीशिवाय न देणे, बाहेरील लेबलावर वस्तूचे नाव नसणे, पत्ता वाटेत न बदलणे. खरेदीदाराने फसवून माल घेतला आणि पैसे बुडवले, तर ते वाहतुकीतील नुकसान धरले जात नाही, कारण माल पाठवणाऱ्याच्या इच्छेने आणि योग्य पत्त्यावरच पोहोचलेला असतो.

अंशतः झालेल्या नुकसानीची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची असते. कार्डाचे प्लास्टिक कवच तडकले आणि आतील कार्ड शाबूत राहिले, तर कवच बदलण्याचा खर्च मिळू शकतो, पण नव्याने तपासणी होऊन श्रेणी उतरली तर पडलेल्या किमतीचे काय, हे पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून असते. चार नाण्यांच्या संचातील एक हरवल्यास संपूर्ण संचाचे मूल्य घसरते. जोडी आणि संच यांविषयीचे कलम नसेल, तर भरपाई त्या एका नाण्याचीच होते. दुरुस्तीनंतरही कमी झालेले मूल्य भरून मिळते का, हा प्रश्न विमा घेण्याआधी लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

विक्रीचा व्यवहार असेल, तर वाटेतील जोखीम कोणाची हेही आधीच ठरवलेले बरे. इन्कोटर्म्स २०२० म्हणजे खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाणित अटी. त्या अकरा अटींपैकी सीआयएफ आणि सीआयपी (दोन्हींत किमतीत भाडे आणि विमा धरलेला असतो) या दोनच अटी विक्रेत्यावर खरेदीदारासाठी विमा घेण्याचे बंधन घालतात. इतर अटींत त्या टप्प्यावर जोखीम ज्याच्याकडे असते त्याचेच नुकसान होते, आणि विमा घ्यायचा की नाही हेही त्यानेच ठरवायचे असते.

मूल्याचा आणि अवस्थेचा पुरावा

खरेदीची पावती, लिलावातील अलीकडच्या विक्रीच्या नोंदी, तज्ज्ञाचे दिनांकित मूल्यांकन आणि प्रमाणपत्राचा क्रमांक, हे सर्व पार्सल निघण्याआधी एकत्र करावे. छायाचित्रे दोन्ही बाजूंची, कडांची आणि कोपऱ्यांची असावीत. आधीपासून असलेले डाग किंवा ओरखडे लपवू नयेत, उलट ते स्पष्ट दाखवावेत, म्हणजे नवीन हानी वेगळी ओळखता येते. वस्तू खोक्यात ठेवण्यापासून लेबल लावण्यापर्यंतचे चित्रीकरण अखंड असेल तर त्याला वजन येते. खोका बंद झाल्यावर घरी वजन करावे आणि काउंटरवरच्या पावतीत छापलेल्या वजनाशी ताडून पाहावे. पार्सल वाटेत उघडून माल काढला गेला, असा दावा करायचा झाल्यास या दोन आकड्यांइतका उपयोगी पुरावा क्वचितच सापडतो.

बांधणी

बांधणीची तीन कामे असतात: वस्तूच्या पृष्ठभागाला इजा न होऊ देणे, तिला हलू न देणे, आणि बाहेरचा धक्का आत पोहोचण्यापूर्वी शोषून घेणे. या तिन्ही कामांसाठी साहित्य वेगळे लागते. नुसता बबल रॅपचा गोळा करून तिन्ही साधत नाहीत. बबल रॅप थेट चकचकीत छायाचित्राला, रंगवलेल्या पृष्ठभागाला किंवा लाखेच्या कामाला लागला, तर उष्णतेने आणि दाबाने त्याचे गोल वळ उमटू शकतात. आधी आम्लरहित कागद किंवा योग्य प्लास्टिकची पिशवी, आणि मगच बबल रॅप.

कार्डासाठी आधी मऊ पातळ आवरण, मग कडक धारक, आणि धारकाचे तोंड सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीने बंद करावे. पारदर्शक सेलोटेप लावला की तो काढताना कार्डच बाहेर ओढले जाते किंवा गोंद कडेला लागतो. धारक दोन पुठ्ठ्यांच्या मधोमध ठेवून पुठ्ठे चारी बाजूंनी बांधावेत, आणि पुठ्ठे धारकापेक्षा मोठे असावेत, कारण मार बहुधा कोपऱ्यावर बसतो. नाण्यांसाठी पीव्हीसी असलेली मऊ पाकिटे टाळावीत. त्यांतून बाहेर पडणारे द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर धरते. नाणी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येकाची कुपी वेगळी हवी, आणि कुपीत नाणे वाजत असेल तर कुपी मापाची नाही. तिकिटांना सर्वांत जास्त भीती ओलाव्याची असते. डिंक असलेली तिकिटे दमटपणात एकमेकांना चिकटतात, म्हणून ती बटर पेपरच्या पाकिटात, वर हवाबंद पिशवीत आणि सपाट पुठ्ठ्यांत द्यावीत. ध्वनिमुद्रिका पाठवताना तबकडी आतल्या कागदी आवरणासह जाकिटाच्या बाहेर काढून जाकिटामागे ठेवावी. आत राहिली तर पडण्याच्या धक्क्याने तबकडीची कडा जाकिटाची शिवण फाडते. चिनी मातीच्या किंवा काचेच्या वस्तूत बाहेर आलेले भाग, म्हणजे हात, कान, दांडा, आधी स्वतंत्रपणे गुंडाळावेत आणि सुटणारी झाकणे वेगळी ठेवावीत.

यानंतर खोक्यात खोका. आतील खोका वस्तूच्या मापाचा, बाहेरील खोका नवा आणि कडक, आणि दोघांच्या मध्ये सर्व सहा बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरण. जुना खोका वापरू नये: दमटपणाने आणि आधीच्या दाबाने पुठ्ठ्याची ताकद उतरलेली असते, आणि दाव्याच्या तपासणीत जुनी लेबले फाडल्याच्या खुणा पाठवणाऱ्याच्याच विरुद्ध जातात. थर्माकोलचे सुटे दाणे जड वस्तूखाली सरकतात आणि वस्तू हळूहळू तळाला जाते, म्हणून जड वस्तूंसाठी कापलेला फोम किंवा घट्ट चुरगळलेला कागद बरा. वर्तमानपत्र कशालाच थेट लावू नये, त्याची शाई उतरते. खोका बंद करून हलवावा. आत काहीही सरकल्याचे जाणवले तर पुन्हा उघडून भरण वाढवावे. वरचा आणि खालचा सांधा मधोमध आणि दोन्ही टोकांना, इंग्रजी एचच्या आकारात, रुंद चिकटपट्टीने बंद करावा. टपालाच्या नोंदणीकृत सेवेत मात्र पट्टी कोणती चालते ते आधी पाहावे: अमेरिकी टपाल खाते अशा पार्सलावर कागदी पट्टीच स्वीकारते, कारण सांध्यांवर मारलेल्या शिक्क्याची शाई कागदात मुरते आणि कोणी पट्टी उचकटली तर ते उघड होते. बंद करण्याआधी दोन्ही पत्ते लिहिलेली एक चिठ्ठी आत टाकावी, म्हणजे बाहेरचे लेबल फाटले तरी पार्सल बेवारस ठरत नाही.

लेबल, सीमाशुल्क आणि सुपूर्द करणे

बाहेरील बाजूस नाणी, सोने, घड्याळ, लिलाव असा एकही शब्द नसावा. पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या दुकानाच्या नावातच तसा शब्द असेल तर आद्याक्षरे वापरावीत. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात मात्र असे झाकून चालत नाही: वर्णन आणि मूल्य खरे लिहावे लागते. विकलेली वस्तू भेट म्हणून दाखवणे किंवा किंमत दहा टक्क्यांवर आणणे हा खोटा दस्तऐवज असतो, आणि नुकसान झाल्यावर विमा कंपनी तोच कागद पुढे करते. वर्गवारीचा संकेतांकही नीट निवडावा. तिकिटे ९७०४ मध्ये, संग्रह आणि संग्राहकांच्या वस्तू ९७०५ मध्ये, शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू ९७०६ मध्ये येतात, आणि अनेक देशांत त्यांना इतर मालापेक्षा वेगळा कर लागतो. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचे काम असलेल्या वस्तूंना साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखालील परवाने लागू शकतात आणि बऱ्याच देशांत पुराणवस्तू बाहेर पाठवण्यासाठी सरकारी परवानगी आवश्यक असते. त्याशिवाय पाठवलेली वस्तू जप्त झाली तर सामान्य विमा पॉलिसी त्याची भरपाई देत नाही.

पार्सल पेटीत टाकू नये किंवा शेजाऱ्याच्या हाती देऊ नये. काउंटरवर द्यावे आणि वजन व वेळ छापलेली पावती घ्यावी. आठवड्याच्या सुरुवातीला पाठवल्यास ते सुटीच्या दिवशी गोदामात पडून राहत नाही. घेणाऱ्याला आधी कळवावे, सहीची सेवा घ्यावी, आणि पत्त्यावर दिवसा कोणी नसेल तर कंपनीच्या केंद्रावरून ओळखपत्र दाखवून उचलण्याची सोय निवडावी.

नुकसान झाल्यास

घेणाऱ्याने खोका फुटलेला, ओला किंवा पुन्हा चिकटवलेला दिसल्यास सही करण्याआधीच पोचपावतीवर तसे लिहावे. सुस्थितीत मिळाल्याची बिनशर्त पोच ही पुढे मोठी अडचण ठरते. खोका उघडण्याचे चित्रीकरण करावे आणि खोका, भरण, लेबले यांतले काहीही टाकून देऊ नये, कारण तपासणीस बहुधा तेच आधी मागतो. मुदती कडक असतात: माँट्रिअल कराराखाली मालाच्या हानीची लेखी तक्रार मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि विलंबाची २१ दिवसांत करावी लागते, आणि न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सीएमआरखाली बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी रविवार आणि सुट्या वगळून सातच दिवस मिळतात. देशांतर्गत सेवा आणि खासगी विमा कंपन्या यांच्या मुदती वेगळ्या असतात.

विमा स्वतंत्र असला तरी वाहतूकदाराकडेही वेळेत तक्रार नोंदवावी. विमा कंपनी भरपाई दिल्यानंतर वाहतूकदाराकडून वसुली करण्याचा हक्क स्वतःकडे घेते, आणि पाठवणाऱ्याच्या दिरंगाईमुळे तो हक्क बुडाला तर ती भरपाई नाकारू शकते. खराब झालेली वस्तू तपासणीआधी दुरुस्त करू नये किंवा विकू नये. पूर्ण मूल्य दिल्यावर विमा कंपनी त्या वस्तूवर मालकी सांगू शकते, आणि हरवलेले पार्सल काही महिन्यांनी सापडले तर ते तिच्याकडे जाते. वस्तू कोणत्याही परिस्थितीत परत हवी असेल, तर भरपाईची रक्कम परत करून ती घेण्याचा हक्क पॉलिसीत आधीच लिहून घ्यावा.